झिजलेल्या कवचांचा थर

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. मेथीची जुडी सोडून आतून बघितल्याशिवाय मी घेत नाही. फोनवर कुणी फार गोड बोलायला लागलं की माझं उत्तर आपोआप तुटक होतं. नवरा म्हणतो, "तू देवाच्या प्रसादाचासुद्धा वास घेऊन बघतेस." घेते, खोटं कशाला सांगू? एकदा त्यातलं खोबरं खवट निघालं होतं.

या स्वभावाचं कौतुक करणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. ते म्हणजे आमचे सर. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते, तिथेच त्यांनी जन्मभर शिकवलं. आधी मी त्यांची विद्यार्थिनी होते, मग त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले, आणि चाळिशी उलटल्यावर संशोधनालाही त्यांच्याकडेच नाव नोंदवलं. ते तेव्हा निवृत्त झालेले होते, तरी रोज सकाळी विभागात येऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं की या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या आणि त्या कुणी तपासल्या. ते खूश झाले. "तुला जमेल हे काम," म्हणाले.

काम होतं समुद्राच्या तळाचं. नाशिकला बसून खोल समुद्र, म्हणून नातेवाईक हसायचे. पण चिखल कुठेही नेता येतो. किनाऱ्यावरच्या एका संस्थेने जहाजावरून, तळात लांब नळी खुपसून तो वर काढलेला होता आणि त्याचे थराथराचे छोटे नमुने आम्हाला दिले होते. त्या चिखलात वाळूच्या कणाएवढी कवचं असतात. समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव अंगाभोवती चुन्याचं कवच बांधतात, आणि मेले की ती कवचं तळाला जाऊन पडतात. खालचं पाणी बरं असेल तर कवच टिकतं, आम्लधर्मी असेल तर झिजतं.

आता खालचं पाणी आम्लधर्मी का होतं, तर न फिरल्यामुळे. ध्रुवांकडे पाणी गार होऊन बुडतं, तळाने जगभर सरकतं आणि शेकडो वर्षांनी कुठेतरी पुन्हा वर येतं. वाटेत वरून पडणारं मेलेलं सगळं त्यात कुजत राहतं आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. फिरणं मंदावलं की तो जास्त साठतो आणि पाणी चुना खायला लागतं. म्हणून एकेका थरातली कवचं निवडायची, त्यांचं वजन करायचं, आणि त्या काळात खोल समुद्र वाहता होता की साचलेला, याचा अंदाज बांधायचा. मी वर्षानुवर्षं हेच केलं. भिंगाखाली चिखलाचा धुतलेला गाळ पसरायचा आणि ओल्या ब्रशाच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. मान धरते, डोळे चुरचुरतात, आणि शिंक आली तर दुपारभराचं काम उडून जातं.

आणि मग तो थर सापडला. शेवटच्या बर्फयुगातला. त्याच्या वरची कवचं ठीक होती, खालची ठीक होती, आणि मधल्या या एका थरातली अगदी हलकी, भोकं पडलेली, तुटकी. जणू त्या काळात खोल समुद्र एकाएकी फिरायचा थांबला होता. असं कुणाला त्या भागात दिसलेलं नव्हतं. सरांनी आलेख बघितला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बघितला. "यावर पेपर करायचा," ते म्हणाले. "माझा शेवटचा. हा झाला की मी मोकळा." तोवर गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली होती आणि त्यांचं विभागात येणं बंद व्हायला आलं होतं. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. "झालं का लिहून?" एवढाच प्रश्न.

लिहून होत नव्हतं, कारण माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

समुद्र चुना खातो तेव्हा रीतीने खातो. नाजूक जातीची कवचं आधी जातात, जाड मागे राहतात. या थरात ती रीत नव्हती. एकाच जातीची, एकाच मापाची दोन कवचं शेजारी शेजारी. एक नव्या कपबशीसारखं तुकतुकीत, दुसरं अनारशासारखं जाळीदार. एकाच पाण्यात, एकाच चिखलात पडलेल्या दोघांपैकी एकालाच कसं काय खाल्लं पाण्याने? मी सरांना फोनवर म्हटलं, "सर, मला यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं." ते म्हणाले, "तुला कुठे वाटत नाही?" आणि हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

पहिला संशय पाण्यावरच गेला. आमच्या विभागात बोअरचं पाणी येतं, जड, काचेवर पांढरे डाग ठेवणारं. म्हणून गाळ धुवायला आम्ही फिल्टरचं पाणी वापरतो, आणि ते कॅन विभागाचे शिपाई मामा भरून ठेवतात. फार शुद्ध पाणीही चुन्याला थोडं थोडं चाटतं. नमुना त्यात बरेच दिवस भिजत राहिला तर बारीक कवचं खराब होऊ शकतात. मामा मूळचे पेठ तालुक्यातले, माझ्याहून वयाने मोठे. मी त्यांना आडून आडून विचारलं. त्यांना ते लगेच कळलं.

"मॅडम, पानी मी फिल्टरचंच भरतो," ते म्हणाले. "त्याच्यात मी काय टाकनार हाय? अन् त्या चिखलाला कोन हात लावील? लय वास मारतो तो."

मी चांगली कवचं त्याच पाण्यात मुद्दाम भिजत ठेवली, मुदतीपेक्षा जास्तच ठेवली. थोडी निस्तेज झाली, पण जाळी पडली नाही. पाणी सुटलं, मामाही सुटले. त्यानंतर काही दिवस ते मला बघून कॅन जरा जोरातच खाली ठेवायचे.

मग मला ॲसिड सुचलं. आधी का सुचलं नाही याचाच राग आला.

नाशिकचा सगळा खडक काळा, लाव्ह्याचा. त्याच्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक सापडतात, आणि पांढरे पांढरे सगळे सारखेच दिसतात. त्यातला कॅल्साइट कुठला हे ओळखायची एकच सोपी युक्ती आहे: पातळ ॲसिडचा थेंब टाकायचा. फसफसला तर कॅल्साइट, कारण तो चुन्याचा. गप्प बसला तर दुसरं काही. त्यामुळे आमच्या विभागात प्रत्येक टेबलावर ॲसिडची छोटी ड्रॉपरची बाटली असतेच. इथे शिकलेल्या कुणालाही पांढरं काही दिसलं की बोलता बोलता हात ड्रॉपरकडे जातो. खाणीत, घाटात, लग्नाच्या हॉलच्या फरशीवरसुद्धा गेलेला मी पाहिलाय. चुन्याच्या खडकांच्या मुलखात असं कुणी करणार नाही, तिथे सगळंच फसफसतं, त्यात बघायचं काय? आम्हाला ती गंमत वाटते. आणि समुद्राचा तो चिखल वाळला की पांढुरका दिसतो.

वाळलेल्या नमुन्यावर कुणीतरी एक-दोन थेंब टाकले असतील, जिथे पडले तिथली कवचं खाल्ली गेली असतील, बाजूची वाचली असतील, आणि नंतर मी सगळं एकत्र धुतलं असेल. जाळीदार आणि तुकतुकीत शेजारी शेजारी. सगळं जुळत होतं.

कोणी टाकले? माझ्या डोळ्यांसमोर लगेच माझा सहकारी आला. आमच्या विभागातला सगळ्यात बोलघेवडा माणूस. शाळांची मुलं, पालक, तपासणीला आलेली समिती, कुणीही येवो, हा त्यांना टेबलाजवळ नेणार, ड्रॉपर काढणार आणि "आता बघा हं" म्हणणार. मी त्याला स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं.

"मॅडम, तुमच्या नमुन्याच्या वाटीला हात लावायचा म्हणजे तुमची बोलणी खायची," तो म्हणाला. "मी एवढा शूर नाही."

"गमतीत नेऊ नका. टाकला होता की नाही?"

"नाही. दगडांवर टाकतो. तुमच्या चिखलावर कशाला टाकू?"

माझा विश्वास बसला नाही. मी कपाटाला नवं कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. त्यावर तो स्वतःचं कपाट उघडतानाही माझी परवानगी मागायला लागला. "मॅडम, खडू घेऊ का? आपल्या देखरेखीखाली घेतो." बाकीचे हसायचे. मी नाही हसले. विचारणं माझं काम होतं, आणि आजही मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही.

खात्री करायचा एकच मार्ग होता. संस्थेत त्या नळीतल्या चिखलाचा अर्धा भाग जपून ठेवलेला असतो. त्यातून त्याच थराचा नमुना पुन्हा मागवायचा. मी फोन केला, तर पलीकडचे गृहस्थ माझ्याहून संशयी.

"परत कशाला हवंय?"

"खात्री करायची आहे."

"पहिल्या वेळी खात्री नव्हती का केली?"

त्यांचं काही चूक नव्हतं. हा चिखल पुन्हा कुणी जाऊन आणणार नव्हतं. शेवटी त्यांनी चिमूटभर पाठवला, आणि यापुढे मिळणार नाही असंही सांगितलं.

यावेळी मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. टेबलावरच्या सगळ्या ड्रॉपरच्या बाटल्या उचलून दुसऱ्या खोलीत ठेवल्या. विभागाला सुट्टी होती तेव्हा आले, दार आतून लावलं, आणि धुणं, गाळणं, वाळवणं सगळं एकटीने केलं. थोडासा कोरडा चिखल न धुता डबीत राखून ठेवला, कारण सरांना नेहमी कच्चा नमुना डोळ्यांनी बघायला आवडायचा. मग भिंगाखाली गाळ पसरला.

कवचं धडधाकट होती. सगळीच्या सगळी. वरच्या थरासारखी, खालच्या थरासारखी. समुद्र त्या काळात थांबला नव्हता, एकाएकी काही घडलं नव्हतं. जे घडलं होतं ते आमच्या टेबलावर, नाशिकमध्ये घडलं होतं. माझा संशय खरा ठरला होता आणि मला रडू आलं. इतकं सुंदर काहीतरी हातातून गेलं म्हणून आलं, आणि सरांना काय सांगायचं म्हणूनही आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे गेले. कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते जिथे तिथे खणून ठेवलेले, गाडी लांब लावून चालत जावं लागलं. सरांनी दार उघडलं तेच हसत. "लिहून झालं वाटतं!" मी सांगितलं. टेबलाशी बसवून, आलेख समोर ठेवून, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे थर नाही," ते म्हणाले.

"नाही सर. कुणीतरी ॲसिड टाकलंय."

"कोणी?"

"ते शोधतेय."

त्यांनी मान हलवली. मग डबीकडे बोट दाखवून म्हणाले, "हाच का तो? ठेव, बघतो. तू जरा चहा टाक दोघांना. साखर खालच्या कप्प्यात आहे."

मी चहा टाकला. गाळला. दोन कप घेऊन बाहेर आले तेव्हा सर डबीवर वाकले होते. डबीचं झाकण उघडं होतं, त्यांच्या उजव्या हातात घरच्या टेबलावरच्या ॲसिडच्या बाटलीचा ड्रॉपर होता, आणि चिखलावर बारीक बुडबुडे उठत होते. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला होता. "बघ," ते म्हणाले, "चुना आहे."

मी कप खाली ठेवले. थोडा चहा सांडला.

"सर, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"ॲसिड टाकलंत. आत्ता. आपण आत्ताच बोललो ना?"

त्यांनी हातातल्या ड्रॉपरकडे बघितलं. मग माझ्याकडे. तो ड्रॉपर त्यांच्या हातात कसा आला, हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. ते मला दिसलं. पण पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा बंद झाला.

"मी काही टाकलेलं नाही. आणलंस तेव्हाच ते ओलं होतं."

मला आठवलं. पहिला नमुना वाळल्यावर मी तो सरांच्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला होता, त्यांनी बघावा म्हणून. तो तिथे आठवडाभर होता. मामांना विचारलं, सहकाऱ्याला विचारलं, पाण्यालासुद्धा विचारलं. त्या टेबलाचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मला राग आला. त्यांचा आला, माझा आला, आणि सगळ्यात जास्त राग त्यांच्या त्या थंड आवाजाचा आला. ज्या माणसाने मला खोटं ओळखायला शिकवलं तो माझ्या तोंडावर नाही म्हणत होता.

मी डबी उचलली आणि निघाले. चहा तसाच राहिला.

मग फोन बंद झाले. मला येणारे, म्हणजे. माझ्या सहकाऱ्याला मात्र यायला लागले. त्याने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, यावेळी गंमत न करता. "मॅडम, सर विचारत होते की तुम्ही त्यांचं नाव पेपरातून काढताय का. म्हणाले, लक्ष ठेव तिच्यावर." मग जरा थांबून म्हणाला, "तोच प्रश्न त्यांनी मला एका दिवसात परत परत विचारला. मला ते बरं वाटलं नाही." मलाही बरं वाटलं नाही, पण मी तेही पूर्ण खरं मानलं नाही. मनात म्हटलं, हा कशावरून मला घाबरवत नसेल?

पेपर मी लिहिला. तो थर वगळून. जे उरलं ते खरं होतं आणि साधं होतं: खोल पाणी बर्फयुगात हळूहळू मंदावलं, नंतर हळूहळू सुधारलं, मध्ये काही धक्का नाही. असं आधीही कुणी कुणी म्हटलेलं. सरांचं नाव माझ्या नावाआधी ठेवलं आणि त्यांना मसुदा पाठवला. वगळलेल्या थराबद्दल एकच वाक्य होतं, की प्रयोगशाळेत नमुना खराब झाल्याने तो धरलेला नाही. उत्तर आलं नाही. मी त्यांच्या मुलाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा ठीक आहेत हो. वयाप्रमाणे विसरतात थोडं." मला त्याचाही संशय आला, की याला ठीकच ऐकायचं आहे.

आणि मग एका दुपारी, मी वर्गातून बाहेर येत होते, सरांचा फोन आला.

"येऊ शकतेस का?"

"काय झालं सर?"

"गॅस बंद आहे का ते बघायचंय."

मला आधी कळलंच नाही. "तुम्ही बघा ना सर. नॉब—"

"बघितला," ते म्हणाले. "बघून बाहेर येऊन बसतो, आणि बघितला का ते आठवत नाही. पुन्हा जातो. सकाळपासून हेच चाललंय. जेवलो नाही."

"शेजाऱ्यांना सांगू का? किंवा मुलाला—"

"ते म्हणतील, बंदच असेल. मला धीर द्यायला म्हणतील. तू म्हणणार नाहीस." मग त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "तू बघशील."

मी पुढचा तास सहकाऱ्याला घ्यायला सांगितला. तो एक अक्षर न विचारता गेला.

सरांनी दार उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पण बटणं एकेक काज चुकवून लावलेली होती. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. ते मागोमाग आले आणि दारात उभे राहिले. नॉब बंद होता. मी तो दाबून बघितला. वाकून वास घेतला. सिलिंडरचा कॉक फिरवून बघितला, तोही बंद होता. ते माझ्या हातांकडे बघत होते, जसे पूर्वी मी कवचं उचलताना बघायचे.

"बंद आहे, सर."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

ते तिथल्याच स्टुलावर बसले. मी कुकरमधला गार भात काढला, त्यावर आमटी गरम करून घातली आणि ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"मग तो थरही मीच," ते म्हणाले.

नाही म्हणावंसं मला फार वाटलं. एवढ्यासाठीच त्यांनी मला बोलावलं होतं, की मी तसं म्हणणार नाही.

"हो, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि घास उचलला.